हिशेब गावासमोर

सरकारी कामाचं मोजमाप समाजापासून जितकं लांब ठेवावं तितकं ते खरं उतरतं, असं मी नोकरीभर मानत आलो. विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून माझी बरीचशी सेवा भीमेच्या दोन्ही काठांवर, शिरूर आणि दौंड तालुक्यांत झाली. त्या काळात सहकाऱ्यांशी बोलताना आणि पुढे नव्या ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणवर्गांतही माझं सांगणं एकच असे. आपल्याकडची भीड, भावकी आणि मानपान यांच्यामुळे कोणाच्याही कामाचं खरं मूल्यमापन होत नाही. तेव्हा मोजणारा दूर बसलेला असावा, यंत्रानं मोजता आलं तर उत्तमच, आणि गावाचा त्यात हात नसावा. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशामुळे बदललं आणि कुठपर्यंत बदललं, हे सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण हा प्रश्न कचेरीतल्या लोकांपुरता नाही. दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या, झेडपीच्या शाळेत पोर घालणाऱ्या आणि नळाला पाणी कधी येईल याची वाट बघणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

आधी मूल्यमापनाची रीत सांगतो. 31 मार्चला वर्ष संपलं की प्रत्येक कर्मचाऱ्याचा अहवाल लिहिला जातो. पूर्वी त्याला गोपनीय अहवाल म्हणत, आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. बोलण्यात मात्र तो अजून ‘सीआर’च आहे. कर्मचारी आधी स्वतःचं स्वयंमूल्यमापन लिहून देतो. त्यावर प्रतिवेदन अधिकारी शेरे लिहितो, प्रतवारी देतो आणि पुनर्विलोकन अधिकारी ती कायम करतो किंवा बदलतो. ग्रामसेवकाचा, ज्याला 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्याचा, सीआर विस्तार अधिकारी लिहितो आणि गटविकास अधिकारी तपासतो. पदोन्नतीला आणि 10, 20, 30 वर्षांनी मिळणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेच्या लाभाला हे अहवाल बघितले जातात. म्हणजे कागदावर तरी माणसाच्या नोकरीचं भवितव्य या दोन-चार पानांवर ठरतं.

प्रत्यक्षात काय होतं, ते या खात्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. जवळजवळ सगळ्यांना ‘निश्चित चांगला’ मिळतं. गावातली नळयोजना वर्षभर बंद राहिली तरी ‘निश्चित चांगला’ आणि रात्री बारापर्यंत दप्तर घेऊन बसणाऱ्यालाही ‘निश्चित चांगला’. यामागं आळस किंवा भ्रष्टाचारच असतो असं नाही. लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहायचं तो, दोघं एकाच पंचक्रोशीत राहतात. त्यांच्या मुली एकाच कॉलेजात असतात, एकमेकांच्या घरच्या लग्नांत दोघं पंगतीला बसलेले असतात. आमच्याकडं तळेगाव ढमढेरे, मांडवगण फराटा अशी गावांची नावंच घराण्यांच्या आडनावांना जोडलेली आहेत. तिथं माणूस एकटा नसतो, त्याच्यामागं भावकी असते. वाईट शेरा लिहिणं म्हणजे त्या माणसाच्या पोटावर मारणं, असंच सगळे धरून चालतात. “राहू द्या ना साहेब, लेकराबाळांचा माणूस आहे,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते सीआरच्या छापील नमुन्याचाच भाग वाटावं.

याची दुसरी बाजू अधिक कडू आहे. जिथं शेरा लिहायला भीड आडवी येते, तिथंच शेऱ्याची धमकी सर्रास वापरली जाते. “तुझा सीआर खराब करीन” हे बहुधा काम झालं नाही म्हणून म्हटलं जात नाही. साहेबांचं खासगी काम झालं नाही, सभेत उलट उत्तर दिलं, मान राखला नाही, यासाठी म्हटलं जातं. मग कर्मचारी काम सांभाळण्याऐवजी साहेब सांभाळायला शिकतो. मवाळपणा आणि दहशत या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात: मूल्यमापन कामाचं न होता नात्याचं होतं.

डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून संस्कृतींची तुलना केली. त्यांचं पुस्तक 1980 मध्ये आलं. सत्तेतलं अंतर खालचा माणूस किती निमूट मान्य करतो, याचा त्यांनी निर्देशांक काढला, त्यात भारताचा आकडा 77 आहे. हा आकडा मी प्रशिक्षणवर्गांत फळ्यावर लिहीत असे. गावातले भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, वरच्या रावसाहेबांना खरं सांगत नाहीत, रावसाहेब त्यांच्या वरच्यांना सांगत नाहीत आणि गावातला माणूस भाऊसाहेबांना काही विचारत नाही. या साखळीला मी संस्कृती म्हणत असे आणि ती तोडायची तर समाजाला मोजमापातून बाहेर काढलंच पाहिजे, असा निष्कर्ष सांगत असे.

त्या मताला आधार नव्हता असं नाही. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्या माणसाला ‘चांगला’ असा शेरा होता. पण बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता आणि त्याला शेरा कळवलाच गेला नव्हता. बंद पाकिटातला गोड शब्दसुद्धा माणसाचं किती नुकसान करू शकतो, हे या एका खटल्यानं दाखवलं. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्यानं बदलीसाठी साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवला आणि कोणतीही फाइल सहसा सात दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये, असं बंधन घातलं. 2015 मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला. सेवा मुदतीत दिली नाही तर संबंधितावर 500 ते 5000 रुपयांचा दंड बसू शकतो. 2017 पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर होऊ लागल्या. त्याआधी बदल्यांचा हंगाम म्हणजे चिठ्ठ्या, फोन, पुढाऱ्यांच्या वाड्यावरच्या रांगा. संगणकाला आडनाव वाचता येत असलं तरी त्याची भीड पडत नाही. या सुधारणांचं मी स्वागत केलं होतं आणि आजही करतो. माझं मत बदललं ते या गोष्टी चुकीच्या निघाल्या म्हणून नव्हे, तर त्या पुरेशा नाहीत आणि त्यांच्या पलीकडचं जे होतं ते मी बघत नव्हतो म्हणून.

पहिली शंका आली ती मुख्यालयी राहण्याच्या ठरावांवरून. ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक यांनी नेमणुकीच्या गावी राहावं अशी अट आहे आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. गुरुजी रोज तालुक्याच्या गावाहून किंवा पुण्याहून दुचाकीवर, एसटीनं ये-जा करतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरीही ठराव होतो, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसह होतो. मी याचा अर्थ सरळ लावला होता: बघा, गावाच्या हाती मूल्यमापन दिलं की ते असं खोटं होतं. पण त्याच शिरूर-दौंडमधली तीच माणसं न्हावऱ्याच्या घोडगंगा किंवा पाटसच्या भीमा कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या भावाविषयी कोणाचीही भीड ठेवत नाहीत, हेही मी बघत आलो होतो. टनाला किती दिलं, उतारा किती लागला, पैसे कधी देणार, असे प्रश्न तिथं अध्यक्षांना तोंडावर विचारले जातात. म्हणजे आमच्या माणसाला विचारता येत नाही, हे माझं गृहीत खरं नव्हतं. तो विचारतो. कधी विचारतो आणि कधी गप्प बसतो, याची कारणं वेगळी होती.

दुसरा विचार सुरू झाला पालखीमुळे. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरनंतर दौंड तालुक्यात येते. यवतला मुक्काम, मग वरवंडला मुक्काम. यवतचं पिठलं-भाकरी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. त्या रात्री गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणूस तिथं उतरतो. पालखीच्या आधीच्या आठवड्यांत आमच्या खात्यांचं रूप मी जवळून पाहिलं आहे. विहिरींत टीसीएल पावडर टाकायची, पाण्याची ओटी टेस्ट घ्यायची, टँकर भरण्याची ठिकाणं ठरवायची, फिरती शौचालयं मांडायची, हॉटेलांची तपासणी करायची, दवाखान्यात रात्रपाळी लावायची. एरवी तीन-तीन स्मरणपत्रं जाऊनही हलत नाहीत ती कामं त्या दिवसांत एका फोनवर होतात. आरोग्यसेवक, तलाठी, वायरमन, शिपाई, कोणीही “हे माझ्या टेबलाचं काम नाही” असं म्हणत नाही. त्या कामाला सीआरमध्ये वेगळा रकाना नसतो, कोणाला जादा पगारवाढ मिळत नाही आणि तरीही काम चोख होतं.

याला मी बरीच वर्षं भक्ती म्हणून बाजूला ठेवत होतो. माउली-माउली म्हणत माणूस वर्षातले दोन दिवस राबतो, त्यावरून राज्यकारभाराचा धडा कसा घ्यायचा, असं मला वाटे. नंतर लक्षात आलं की भक्ती असतेच, पण तिच्यासोबत आणखी चार गोष्टी असतात. तारीख ठरलेली असते आणि ती कोणालाही पुढं ढकलता येत नाही. कोणतं काम कोणाचं, हे सगळ्या गावाला माहीत असतं. काम झालं की नाही, ते त्याच रात्री सगळ्यांना दिसतं. आणि चूक झाली तर ती एका माणसाची न राहता यवतची, वरवंडची होते, म्हणून गावही हात लावतं. या चारही गोष्टी मोजमापाच्याच आहेत. भीड तिथंही असते, मानपान तिथंही असतो. पण तिथं तीच भीड माणसाला काम टाळू देत नाही. वारकऱ्याला पाणी मिळालं नाही तर गावाला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न टाकीवरच्या माणसाला कोणत्याही ज्ञापनापेक्षा जास्त लागतो.

मग जुन्या गोष्टी नव्यानं आठवू लागल्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी होते. त्यांनी दफ्तरं लावली, कामाची वाटणी स्पष्ट केली, कार्यालयाची मांडणी बदलली, येणाऱ्या माणसाला कुठं जायचं ते कळेल अशी व्यवस्था केली. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव घोड नदीच्या अलीकडं शिरूरमध्येही त्या काळी सगळ्यांच्या तोंडी होतं. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम घेतली. जिल्हा परिषदेपासून पंचायत समित्यांपर्यंत कपाटं उघडली गेली, सहा गठ्ठे पद्धतीनं कागद लावले गेले: चालू, प्रतीक्षेतले, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. दररोज आलेला कागद दररोज निकाली, असा नियम आला. नियम जुनेच होते. कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तकात ते पूर्वीपासून छापलेले आहेत. फरक असा होता की सगळं कार्यालय एकदम कामाला लागलं, साहेबांसकट, आणि कोणाच्या टेबलाखाली किती गठ्ठे निघाले हे सगळ्यांनी पाहिलं. कोणाचा अपमान झाला नाही, कारण गठ्ठे सगळ्यांकडंच निघाले. पण दुसऱ्या महिन्यात पुन्हा आपल्याच टेबलाखाली गठ्ठा साचावा, असं कोणालाही वाटत नव्हतं. जिथं वरिष्ठांनी हा शिरस्ता नंतर टिकवला तिथं तो टिकला, जिथं ते बदलून गेले आणि पाठोपाठ लक्षही गेलं तिथं कपाटं पुन्हा भरली. हेही आमच्या संस्कृतीचंच लक्षण आहे: आम्ही पद्धतीपेक्षा माणसाला धरून चालतो.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचंही तेच. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000-01 मध्ये ते सुरू झालं. त्यात गुण कोणा एका कर्मचाऱ्याला नव्हते, गावाला होते. तपासणी समिती यायची म्हटलं की ग्रामसेवक, सरपंच, बचत गटाच्या बायका आणि शाळेची पोरं पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर असत. ज्या ग्रामसेवकाला वर्षभर नोटिसा देऊन हलवता आलं नव्हतं, त्याला गावाच्या इभ्रतीनं हलवलं. एकेकट्याला प्रत देऊन जे साधलं नाही, ते सगळ्यांना मिळून एक प्रत दिल्यानं साधलं. याचा अर्थ त्या वेळी माझ्या नीट ध्यानात आला नाही. मी ते अभियानाचं यश म्हणून अहवालात लिहिलं आणि सीआर पूर्वीसारखेच लिहीत राहिलो.

शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीनं मला सर्वांत जास्त विचारात पाडलं. शिक्रापूरजवळची ही एक लहान वाडी. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला गावानं जमीन दिली, लोकांनी वर्गणी आणि कष्ट दिले, शिक्षकांनी मुलांनाच एकमेकांचे ‘विषयमित्र’ केलं, आणि राज्यभरातून लोक ती शाळा बघायला येऊ लागले. 2018 मध्ये राज्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाच्या शाळांत तिची निवड झाली. पुढं तिथं वाद झाले, तक्रारी झाल्या, 2021 मध्ये मुख्याध्यापकांचं निलंबन झालं. नंतर त्याच मुख्याध्यापकांनी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत काम उभं केलं आणि त्या शाळेला 2025 मध्ये जागतिक पातळीवरच्या सर्वोत्तम शाळांच्या पारितोषिकात लोकांच्या मतांचा पुरस्कार मिळाला. त्या वादात कोण बरोबर होतं हा माझा विषय नाही. मला दिसलं ते असं की गाव शाळेच्या मागं उभं राहतं तेव्हा झेडपीची शाळा कुठल्या कुठं जाते, आणि तेच गावपण तक्रारीच्या रूपानं उलटंही फिरू शकतं. या दोन्ही शक्ती मोजणारा एकही रकाना आमच्या अहवालात नाही. समाजाला बाहेर ठेवून मी ज्या शाळेचं मूल्यमापन केलं असतं, तिथं मला पट, हजेरी आणि परीक्षेचे गुण मिळाले असते; शाळा मात्र हातातून निसटली असती.

इथपर्यंत येऊन ठरावाचा प्रश्न पुन्हा समोर ठेवला, तेव्हा उत्तर मिळालं. ‘गुरुजी इथं राहतात का?’ हा माणसाविषयीचा प्रश्न आहे. त्यावर घरभाड्याचे पैसे अवलंबून आहेत, उत्तर हात वर करून द्यायचं आहे आणि समोर गुरुजी बसलेले आहेत. अशा वेळी आमचा माणूस गप्प बसणार, कारण गुरुजींना दुखवून त्याच्या मुलाचं भलं होणार नाही, हे त्याला कळतं. पण ‘तिसरीतली किती मुलं सरळ वाचतात, गेल्या वर्षी किती वाचत होती?’ हा कामाविषयीचा प्रश्न आहे. त्यावर बोलताना कोणाच्या अब्रूला हात लागत नाही आणि गुरुजीही मोकळेपणानं सांगतात. डेअरीवर दुधाचं फॅट यंत्रावर सगळ्यांसमोर लागतं, चिठ्ठी निघते. फॅट कमी लागलं म्हणून गवळी आणि डेअरीवाला एकमेकांशी बोलायचे थांबत नाहीत, दुसऱ्या दिवशी पेंड बदलली जाते. मोजमाप उघड असलं, आकड्यात असलं आणि माणसाच्या किमतीविषयी नसलं, की आमचा समाज ते सहज पचवतो. साखर कारखान्याच्या सभेत तो बोलतो त्याचंही कारण हेच: त्याच्या हातात टनेजचा आकडा असतो. ग्रामसभेत त्याच्या हातात काहीच नसतं.

आणि गंमत म्हणजे कायद्यानं ते हातात द्यायची सोय कधीच केलेली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 मध्ये 2003 च्या दुरुस्तीनं ग्रामसभेला गावात काम करणाऱ्या शासकीय, निमशासकीय आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तीचे अधिकार दिले आहेत. त्यांच्या कामाचं दरवर्षी मूल्यमापन करून ते वरिष्ठांना कळवावं, असंही त्यात आहे. ही तरतूद मी प्रशिक्षणात एका वाक्यात सांगून पुढं जात असे. मला ती अव्यवहार्य वाटे. आज ती मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

एका गावात, नाव सांगत नाही, एका तरुण ग्रामसेवकानं माझ्या सांगण्याशिवाय ग्रामसभेच्या आधी फळ्यावर आकडे लिहिले होते. वर्षभरात किती अर्ज आले, किती मुदतीत निघाले, किती उरले. पाण्याची तपासणी किती वेळा झाली. वित्त आयोगाच्या निधीतलं कोणतं काम कुठं अडलं आहे. आधी सभेत नेहमीची शांतता होती. मग बचत गटातली एक बाई उठली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, आमच्या वस्तीवरचं पाणी या आकड्यात धरलंय का?” धरलेलं नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि पुढच्या महिन्यापासून धरायचं ठरलं. सभा लांबली, आवाज चढले, पण कोणी भाऊसाहेबांना घालून-पाडून बोललं नाही. तालुक्याच्या आमसभेत अधिकाऱ्यांना उभं करून झापताना मी कितीदा पाहिलं आहे. त्यातून टाळ्या मिळतात, दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही. या छोट्या सभेत टाळ्या नव्हत्या आणि वस्तीवरची तपासणी सुरू झाली.

माझं बदललेलं मत इतकंच आहे, पण ते पूर्ण सांगायचं तर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गावाच्या हाती शिक्षा देऊ नये. बदली, वेतनवाढ, निलंबन हे दूर बसलेल्या, नियमानं बांधलेल्या यंत्रणेकडंच राहिलं पाहिजे. संगणकीय बदल्यांविषयी माझं मत तसूभरही हललेलं नाही. गाव म्हणजे एक मन नसतं. तिथं जात आहे, गट आहेत, निवडणुकीतली वैरं आहेत. मागास समाजातून आलेल्या ग्रामसेवकाला किंवा एकट्या राहणाऱ्या आरोग्यसेविकेला ‘मूल्यमापना’च्या नावाखाली छळायला काही जण टपलेले असतात, आणि ते मी पाहिलं आहे. म्हणून ग्रामसभेनं माणसाला प्रत देऊ नये, कामाचे आकडे तपासावेत आणि आपलं म्हणणं लिहून वर पाठवावं. कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. ती खरोखर झाली तर पाणी, अंगणवाडी आणि शाळा यांविषयी बोलणारी माणसं सभेत येतील.

साहेबांच्या वागण्याविषयीही मला पूर्वी जे वाटे ते आता वाटत नाही. चांगला मूल्यमापक कोरडा असावा, असं माझं म्हणणं होतं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी 1980 मध्येच भारतीय कार्यालयांसाठी वेगळं मत मांडलं होतं: इथं तोच वरिष्ठ काम करून घेतो, जो माणसाची काळजी घेतो आणि त्याच वेळी कामाचा आग्रह सोडत नाही. माझ्या सेवेत मी ज्यांच्या हाताखाली मनापासून काम केलं ते सगळे असेच होते. आजारपणात घरी येणारे, आणि सोमवारी सकाळी “प्रोसिडिंग पूर्ण झालं का?” असं विचारायला न विसरणारे. जिव्हाळा हा कामाचा शत्रू नाही. जिव्हाळा असूनही हिशेब मागायची सवय आम्ही लावून घेतली नाही, हा खरा दोष आहे. घरातला कर्ता माणूस मुलाला जेवायला वाढतो आणि गुणपत्रिकाही मागतो. त्यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. कचेरीत मात्र आपण यातलं एकच करता येतं असं समजून बसलो.

खात्यातल्या माझ्या नव्या सहकाऱ्यांना माझं सांगणं आहे: वर्षअखेरीला एकदा लिहायच्या सीआरवर विसंबू नका. दर महिन्याला आपल्या कार्यालयाच्या दाराशी आलेले, निघालेले आणि उरलेले अर्ज लिहून लावा; नाव कर्मचाऱ्याचं नको, कामाचं असू द्या. उरलेल्या प्रत्येक अर्जापुढं कारण लिहा. चांगलं काम झालं तर ते चारचौघांत सांगा, आणि चूक दाखवायची असेल तर ती समोर बसवून, आकडा दाखवून सांगा. अहवालात लपवून लिहू नका.

आणि शिरूर-दौंडच्या, किंबहुना कोणत्याही गावच्या वाचकाला विनंती आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा भरते. येत्या सभेला जा. भाऊसाहेबांवर, गुरुजींवर, सिस्टरवर राग काढू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा: वर्षात किती अर्ज आले, किती मुदतीत निघाले, उरलेले का राहिले. उत्तर ऐकून घरी येऊ नका. ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, आणि पुढच्या सभेत तिथूनच पुढं विचारा.